लहान मरीन टाकीत मोठा मासा: या चुका टाळा भाऊ

दोन फुटी मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याची टाकी घ्यायची, मीठ घोळायचं आणि तिसऱ्या आठवड्यात त्यात ब्लू टँग नाहीतर ग्रुपर आणून सोडायचा, हे नागपुरात इतक्यांदा पाहिलंय की आता राग येतो. दुकानात तो मासा तीन इंचाचा दिसतो, कारण ते पिल्लू असतं. ब्लू टँग, म्हणजे ज्याला सगळे डोरी म्हणतात तो, पूर्ण वाढला की 12 इंच होतो. लांबी चौपट झाली की वजन जवळपास 64 पट होतं, खाणं आणि घाणही कैक पटीने वाढते, आणि 2 बाय 1 बाय 1 च्या टाकीत पाणी असतं जेमतेम 56 लिटर, त्यातही दगड-वाळू गेली की आणखी कमी.

"मासा टाकीच्या मापानेच वाढतो" असं सांगणारे अजूनही भेटतात. कोंडल्यामुळे वाढ खुंटली तर तो मासा आजारी आहे, टाकीत मावला असं नाही.

मनीष नगरच्या एका ओळखीच्या भाऊंनी अडीच फुटी टाकीत पँथर ग्रुपरचं पिल्लू आणलं. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, पोहतो असा डौलात की कोणालाही भुरळ पडेल. हा मासा 70 सेंटीमीटरपर्यंत जातो, म्हणजे टाकीएवढाच, हे दुकानदाराने सांगितलं नाही आणि भाऊंनी विचारलं नाही. वर्ष होत आलं तोवर तो वीतभर झाला. मग एका सकाळी त्याच टाकीतल्या क्लाउनफिशच्या जोडीतला एक गायब. उडी मारली असेल म्हणून त्यांनी सोफा सरकवला, स्टँडच्या मागे टॉर्च मारला, सगळं घर शोधलं. मी गेलो तेव्हा ग्रुपरचं पोट टम्म फुगलेलं आणि ओठांतून नारंगी शेपटीचं टोक बाहेर. ग्रुपर चावत बसत नाही, तोंड उघडून पाण्यासकट ओढून घेतो, तोंडात मावेल ते सगळं त्याचं जेवण. अमोनिया, म्हणजे माशाच्या घाणीतून होणारं विष, तपासला तर टेस्टच्या नळीतलं पाणी पिवळं राहायच्या जागी हिरवं झालं. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदल, आरओचं पाणी भर, मीठ घोळ, घरचे वैतागले. दुकानदार मासा परत घेईना. शेवटी शहरातच एका मोठ्या टाकीवाल्याने नेला म्हणून तो वाचला. नाहीतर करायचं काय? समुद्र काही जवळ नाही, अख्खा समृद्धी महामार्गच 701 किलोमीटरचा आहे. आणि फुटाळा तलावात सोडायचा विचारही करू नका, खाऱ्या पाण्याचा मासा गोड्या पाण्यात तडफडून मरतो.

ब्लू टँगचं दुखणं वेगळं. तो समुद्रात रीफवर, म्हणजे कोरलच्या खडकांवर, दिवसभर लांब लांब फेऱ्या मारणारा मासा, दोन फुटात सारखा वळत राहतो, ताणात येतो आणि अंगावर पांढरे ठिपके पडतात. मग घाईघाईत त्याच टाकीत कॉपरचं औषध ओततात आणि कोरल, झिंगे सगळे जातात. औषध नेहमी वेगळ्या टाकीत.

मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा पाणी तापतं आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो. त्यात लाइट गेली की मोठा मासा आधी धापा टाकायला लागतो. चिलर (पाणी थंड करायचं मशीन) आणि बॅटरीवरचा एअर पंप नसेल तर मरीनच्या नादी लागू नका, माझं हे स्पष्ट मत आहे. उडालेलं पाणी भरताना साधं आरओचं भरा, खारं नाही, मीठ टाकीतच राहिलेलं असतं. आणि सायकल, म्हणजे अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया टाकीत तयार होणं, पूर्ण व्हायच्या आधी मासा आणायची घाई करून राहिले असाल तर बाटलीतल्या बॅक्टेरियाच्या भरवशावर राहू नका, रोज टेस्ट करा.

माझी सवय सांगतो. दुकानात पैसे काढण्याआधी मोबाईलवर फिशबेस ही माशांच्या माहितीची वेबसाइट उघडतो, पूर्ण वाढीची लांबी बघतो आणि तिला सहाने गुणतो. टाकी तेवढी लांब नसेल तर पिल्लू कितीही गोड असो, सोडून येतो. टँग म्हणजे 6 फूट, विषय संपला. दोन फुटात ऑसेलॅरिस क्लाउनची जोडी ठेवा, किंवा वॉचमन गोबी मासा आणि पिस्तूल झिंगा सोबत आणा. झिंगा जवळपास आंधळा, तो बीळ खणतो आणि गोबी दाराशी पहारा देतो, झिंग्याची मिशी सतत गोबीच्या अंगाला लागलेली. तासन् तास बघा. फायरफिशही छान, फक्त तो खरंच उडी मारतो, टाकीवर जाळी पाहिजे.