बोडीवरचा छोटा टिलवा कसा ओळखायचा

दिवाळी झाली की आमच्या भंडारा-गोंदियाकडच्या बोड्या (लहान तळी) अन् मामा (माजी मालगुजारी) तलावांचं पाणी उतरायला लागते, काठाचा चिखल उघडा पडते आणि त्यावर चिमणीहूनही लहान पाखरं तुरुतुरु पळताना दिसतात. बरेच जण लक्षच देत नाहीत, पण त्यातला छोटा टिलवा पार उत्तरेकडच्या टुंड्रातून, सायबेरियाकडून येते, वजन जेमतेम 20 ते 30 ग्रॅम. एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याचं नाव तरी आपल्याला माहीत असावं.

सकाळी लवकर जा आणि ऊन पाठीवर घेऊन पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसा, समोरून ऊन आलं तर सगळेच पक्षी काळे दिसतात. 8 बाय 42 ची (आठ पट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) दुर्बीण असली तर मस्त. बसलं की हलू नका, उडालेला थवा बरेचदा फिरून त्याच काठाला उतरते.

आता रंग विसरा अन् पाय पाहा. हिवाळ्यात हे सगळे राखाडी-भुरेच असतात. पाय काळे आणि चोच काळी, आखूड, सरळ असली तर छोटा टिलवा. पाय पिवळसर-हिरवट असले तर टेमिंकचा टिलवा. फसगत होते ती चिखलानं. मी एकदा काळे पाय पाहून वहीत छोटा टिलवा लिहून मोकळा झालो, मग तो घोटाभर पाण्यात शिरला, बाहेर आला तर पाय चक्क पिवळे! म्हणून पाय धुतले जाईपर्यंत थांबाच.

मग चाल पाहा. छोटा टिलवा थव्यात असते, मान खाली घालून शिलाई मशीनच्या सुईसारखी टकाटक चोच मारत पळते. टेमिंकचा एकटा-दुकटा, गवताच्या कडेनं, सावकाश चरते, आणि उडाला की शेपटीच्या कडा पांढऱ्याशुभ्र दिसतात, छोट्याच्या त्या राखाडी. चार पावलं धावून गपकन थांबणारा, डोळ्याभोवती पिवळं कडं असलेला, तो कंठेरी चिखल्या. सारखी शेपूट हलवत असेल तर तुतारी नावाचं पाखरू, ते मोठं असते.

फोटोसाठी मागं धावू नका, कुत्रा नेऊ नका. चिखलातल्या किड्यांवर चरबी साठवूनच त्याला परत जायचं असते, दर वेळी उडवलं की तेवढं खाणं बुडते.

एप्रिलात बोडीत डबकं उरलं असलं तरी एक चक्कर माराच, तेव्हा जायच्या तयारीतल्या टिलव्याच्या डोक्यावर-पाठीवर विटकरी रंग चढायला लागलेला असते.