जुनी परफॉर्मन्स कार घेताय? या चुका टाळा

नवी असताना जिच्या किमतीचा आकडा ऐकून आपण शोरूमची पायरीही चढलो नसतो, तीच गाडी दहा-बारा वर्षांनी एखाद्या साध्या नव्या गाडीच्या भावात मिळते. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. भाव गाडीचा उतरलेला असतो, तिच्या पार्टचा नाही. ई60 पिढीच्या बीएमडब्ल्यू एम5 चं पाच लिटरचं व्ही10 इंजिन आजही प्रत्येक सर्व्हिसला नऊ लिटरच्या वर ऑइल मागतं, तिच्या ब्रेक डिस्क तेवढ्याच मोठ्या आहेत आणि क्लच बदलायला मेकॅनिकचे तासही तेवढेच लागतात. म्हणजे गाडी घ्यायची आजच्या भावाने आणि सांभाळायची नव्या गाडीच्या भावाने. घ्यावी की नाही, याचा निर्णय विकत घेण्याच्या रकमेवर न घेता सांभाळण्याच्या रकमेवर घ्या.

सगळे पैसे गाडीतच घालणं

जमवलेली रक्कम आणि वर थोडं कर्ज, असं करून गाडी दारात आणली की पहिल्याच महिन्यात हात बांधले जातात. जुनी गाडी आल्या आल्या इंजिन ऑइल, गिअरबॉक्सचं ऑइल, डिफरन्शियलचं (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचं) ऑइल, ब्रेक फ्लुइड आणि कूलंट बदलून घ्यावंच लागतं. आधीच्या मालकाने बदललंय म्हणतो, पण पावती नाही, तर ते बदललेलं नाही असंच धरायचं. माझ्या मते गाडीच्या किमतीचा निदान पाचवा हिस्सा वेगळा ठेवावा, आणि गाडी फार स्वस्तात मिळत असेल तर त्याहून जास्त.

बोलणी सुरू करण्याआधी त्या मॉडेलवर रोज काम करणाऱ्या गॅरेजला फोन करून चार बिलांचा अंदाज घ्या: चारही टायर, चारही डिस्क आणि पॅड, क्लच, आणि त्या मॉडेलचं जे काही कुप्रसिद्ध दुखणं असेल ते. कार्बन-सिरॅमिक ब्रेक असतील तर डिस्कचा भाव नीट बसून ऐका, कारण साध्या लोखंडी डिस्कच्या तो कितीतरी पट असतो. यातलं एखादं बिल अचानक आलं तर उसनवारी करावी लागेल असं वाटलं, तर ती गाडी सोडा आणि एक पायरी खालची बघा. त्यात कमीपणा काही नाही. जी बिनधास्त चालवता येते तीच गाडी सुख देते.

कंपनीच्या नावावर विसंबणं

'पोर्शे म्हणजे दणकट', 'जर्मन गाडी म्हणजे कटकट' अशी वाक्यं गाडी घेताना काही कामाची नाहीत. दुखणं कंपनीचं नसतं, ते ठरावीक इंजिनाचं आणि ठरावीक वर्षांचं असतं.

पोर्शे 911 चंच बघा. 996 आणि 997 ही तिच्या दोन पिढ्यांची नावं. 996 आणि सुरुवातीच्या 997 मधल्या साध्या कॅरेराच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टचं (इंजिनातल्या एका आतल्या दांड्याचं), म्हणजे आयएमएस बेअरिंग असतं. ते तुटलं तर बहुधा अख्खं इंजिन जातं. सगळ्याच गाड्यांत ते तुटतं असं मुळीच नाही, पण ते बदललंय का, कधी, कोणी, हे विचारायलाच हवं. त्याच काळातल्या टर्बो आणि जीटी3 चं इंजिन वेगळं, त्यांना हा प्रश्न नाही. 2009 मॉडेल इयरपासून नवं इंजिन आलं, त्यातही ते बेअरिंग नाही. बाहेरून जवळपास सारख्या दिसणाऱ्या या गाड्यांमध्ये जोखमीचा फरक केवढा आहे!

एम5 चं व्ही10 आणि त्यानंतरच्या एम3 चं चार लिटरचं व्ही8, या दोन्ही इंजिनांत कनेक्टिंग रॉडची (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याची) बेअरिंग झिजतात. जाणकार मालक ती बिघडायची वाट बघत नाहीत, आधीच बदलून घेतात. ई46 एम3 मध्ये मागचा सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारा सांगाडा) बॉडीला जिथे बसतो तिथल्या पत्र्याला तडे जातात. गाडी कितीही चकचकीत असो, लिफ्टवर घेऊन खालून टॉर्च मारल्याशिवाय ते दिसत नाहीत. 4.2 लिटर व्ही8 च्या ऑडी एस4 ची टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी) इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. चेनला जागेवर धरणारे गाइड झिजले तर पार्टपेक्षा मजुरीच डोळे पांढरे करते, कारण इंजिन बाहेर काढावं लागतं. फेरारी एफ355 चा टायमिंग बेल्ट तर नियमित देखभालीतच इंजिन उतरवायला लावतो. माझदा आरएक्स-8 घेत असाल तर साध्या गेजने घेतलेली कॉम्प्रेशन टेस्ट (इंजिनात दाब किती बनतो याची तपासणी) चालणार नाही, रोटरी (पिस्टनऐवजी फिरणारा रोटर असलेल्या) इंजिनासाठीचा वेगळा टेस्टर असलेलं गॅरेजच शोधा.

'फार कमी चाललीये' याला भुलणं

उभी राहिलेली गाडीही खराब होते. सील सुकतात, ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा ओढून घेतं, टायर न झिजताच कडक होतात. टायरच्या बाजूवर डॉट कोड असतो, त्यातले शेवटचे चार आकडे वाचा. 3219 असेल तर तो टायर 2019 च्या 32व्या आठवड्यात बनलाय. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी अशा वेगवान गाडीला जुना टायर नको. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला कमी-जास्त झिजलेले, वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर दिसले तर दोन गोष्टी कळतात: डिफरन्शियलवर ताण आलेला असू शकतो, आणि मालकाने जिथे दिसतं तिथेही हात आखडता घेतलाय. जिथे दिसत नाही तिथे काय केलं असेल?

गरम इंजिनावर गाडी बघणं

मी यायच्या आधी गाडी सुरू करू नका, असं स्पष्ट सांगा. गेल्यावर आधी बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू होतानाचे पहिले काही सेकंद फार बोलके असतात: चेनची खडखड तेव्हाच ऐकू येते, निळसर धूर तेव्हाच दिसतो. मग गाडी पूर्ण तापू द्या. ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर अगदी हळू, रांगत चालवून धक्के बसतात का बघा. शेवटी बंद करून गरमच पुन्हा सुरू करा.

गाडीच्या कंप्युटरमधली बिघाडाची नोंद वाचणारा स्कॅनर लावल्यावर एकही फॉल्ट कोड नाही म्हणून खूश होऊ नका. रेडिनेस मॉनिटरही बघा, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते. कोड पुसले किंवा बॅटरी काढली की ते 'अपूर्ण' दाखवतात आणि गाडी पुरेशी चालल्यावरच पूर्ण होतात. तपासणीच्या दिवशी बरेचसे अपूर्ण असतील तर कोणीतरी नुकतंच काहीतरी पुसलंय, अशी शंका घ्यायला जागा आहे. पोर्शेच्या इंजिन कंप्युटरमध्ये तर इंजिन मर्यादेबाहेर कितपत फिरवलं गेलं आणि इंजिनाच्या कितव्या तासाला, याचीही नोंद मिळते. ती मागा. तपासणी विकणाऱ्याच्या गॅरेजमध्ये नको, तुमच्या पसंतीच्या जागी. त्याला नकार मिळाला तर विषय तिथेच संपवा.

सगळ्यात स्वस्त गाडी उचलणं

एकाच मॉडेलच्या दहा गाड्यांत एक फारच स्वस्त दिसते, कारण तिचं राहिलेलं काम तुमच्या नावावर येणार असतं. जाड फाइलभर पावत्या असलेली महाग गाडी बहुधा परवडते. इंजिनाचं रीमॅप (ताकद वाढवायला सॉफ्टवेअरमध्ये बदल) केलेलं असेल तर मूळ सॉफ्टवेअर आणि काढलेले पार्ट मिळतायत का विचारा. नसतील तर भाव खाली आणा किंवा निघा.

घरातली एकुलती गाडी म्हणून घेणं

अशा गाडीचा एखादा सेन्सर किंवा पंप यायलाही कित्येक आठवडे लागू शकतात, आणि तोवर ती गॅरेजमध्ये उभी राहते. रोजच्या कामाला दुसरी गाडी नसेल, तर घाईपोटी चालढकल होते: इंजिनाचा दिवा लागलेला असताना 'एवढा आठवडा काढू' म्हणून गाडी चालवली जाते, आणि मिसफायरचं (सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळण्याचं) छोटं काम धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलण्यापर्यंत जातं. आधी ती रोजची साधी गाडी हाताशी ठेवा. ती विकून ही घ्यायचा बेत असेल, तर थोडं थांबून दोन्ही ठेवता येतील तेव्हाच घ्या.