आमदारांच्या कार्यालयात मदत मागायला जाताय? या चुका टाळा

"साहेबांचं एक पत्र मिळालं की काम झालंच," असं म्हणत रोज कितीतरी माणसं आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयाची पायरी चढतात. हातात अर्जाची प्रत नसते, पोचपावती नसते, योजनेत आपण बसतो का हेही पाहिलेलं नसतं. पत्र मिळतंही, कारण तिथली माणसं सहसा नाही म्हणत नाहीत. मग तहसीलमध्ये कारकून विचारतो, "अर्ज क्रमांक?" आणि गाडी तिथेच अडते. अडलेल्या अर्जाचा पाठपुरावा हे कार्यालय करू शकतं. जो अर्ज केलाच नाही, त्याचा कसा करणार?

बिल भरून झाल्यावर धावपळ

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. रुग्णाला घरी आणल्यावर नातेवाईक डिस्चार्ज कार्ड आणि बिलं घेऊन येतात आणि मुख्यमंत्री सहायता निधीतून पैसे परत मिळतील का, असं विचारतात. भरलेलं बिल या निधीतून परत मिळत नाही. मदत थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते आणि त्यासाठी अर्ज उपचार चालू असतानाच करावा लागतो. दागिने मोडून, व्याजानं पैसे उचलून बिल भागवलेल्या माणसाला हे सांगणं फार जड जातं. म्हणून रुग्ण दाखल झाला त्याच दिवशी हालचाल सुरू करा.

आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (सरकारी आरोग्य योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला) गाठा. आजार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसत असेल, तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचाराचं संरक्षण आहे आणि आमदारांच्या पत्राची गरजच पडत नाही. तिथे जमलं नाही, तर रुग्णालय धर्मादाय आहे का ते विचारा. अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हे काम तिथले समाजसेवा अधिकारी पाहतात. बिलिंगच्या खिडकीवर विचारून "असं काही नाही" असं उत्तर मिळालं, तर तेवढ्यावर परत फिरू नका. खाट नाकारली, तर आमदारांच्या कार्यालयातून गेलेला फोन इथे खरोखर उपयोगी पडतो.

सहायता निधीचा अर्ज त्यानंतर. त्याला लागतं डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक (खासगी रुग्णालय असेल तर ते जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित केलेलं), १ लाख ६० हजारांच्या आतला तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड आणि तपासण्यांचे रिपोर्ट. अपघात असेल तर एफआयआरची प्रत. रुग्णालय निधीच्या यादीत आहे का, तेही आधीच पाहा. एका माणसानं रुग्णाजवळ थांबावं आणि दुसऱ्यानं दाखल्याच्या मागे लागावं, असं घरात वाटून घेतलंत तर बराच वेळ वाचतो.

जुना दाखला, तीन कागदांवर तीन नावं

संजय गांधी निराधार योजनेसाठी येणाऱ्या विधवा ताईंच्या फायलीत बऱ्याचदा नवरा हयात असतानाचा उत्पन्नाचा दाखला जोडलेला असतो. या योजनेची कौटुंबिक उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २१ हजार आहे, त्यामुळे तो दाखला पाहूनच अर्ज बाद होतो. आज घरात येणाऱ्या उत्पन्नाचा नवा दाखला काढा. तलाठ्याकडे जाताना मृत्यूचा दाखला सोबत ठेवा.

नावाचा घोळही तितकाच छळतो. आधारवर सासरचं नाव, पासबुकावर माहेरचं, रेशनकार्डावर भलतंच काहीतरी. शिष्यवृत्ती किंवा अनुदान मंजूर होऊनही जमा झालं नाही, तर आधी बँकेत जाऊन खातं आधारशी जोडलेलं आहे का ते तपासा. ते काम बँकच करू शकते, आमदारांचं पत्र तिथे चालत नाही.

चुकीचं दार

गटार तुंबलं तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिका. पासपोर्ट, रेल्वे, पंतप्रधान सहायता निधी यासाठी खासदारांचं कार्यालय. आमदार स्थानिक विकास निधीतून स्वतःच्या विहिरीला किंवा घराच्या कुंपणाला पैसे मिळत नाहीत. तो सार्वजनिक कामांसाठी असतो, आमदार काम सुचवतात आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. रस्ता किंवा सभामंडप हवा असेल, तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि जागा सार्वजनिक असल्याचा उतारा घेऊनच जा.

पोस्टर पाहिलं आणि निघालो

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या शिबिराच्या पोस्टरवर साहेबांचा फोटो मोठा असतो आणि कागदपत्रांची यादी कुठेच नसते. मजूर माणसाचा एक खाडा म्हणजे त्या दिवसाची चूल. तेव्हा निघण्यापूर्वी कार्यालयात फोन करून कागद, पात्रता आणि शेवटची तारीख विचारून घ्या. कार्यालय चालवणाऱ्यांनाही कळकळीची विनंती: या तीन गोष्टी पोस्टरवर ठळक छापा, फोटो थोडा लहान झाला तरी चालेल. नवी योजना आली असं कुणी सांगितलं, तर शासन निर्णय मागा. त्यावर सांकेतांक असतो, त्याचे सुरुवातीचे आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि तारीख. तो क्रमांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की निर्णय खरा की खोटा ते कळतं.

"साहेबांच्या कोट्यातून" पोलीस भरती किंवा आरटीईचा (शिक्षण हक्क कायद्याखालच्या मोफत जागेचा) शाळाप्रवेश करून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. भरती परीक्षेनं होते, आरटीईचा प्रवेश सोडतीनं. केंद्रीय विद्यालयात खासदारांचा कोटा होता, तोही २०२२ मध्ये बंद झाला.

पत्र दिलं आणि विसरलो

पत्र घेताना त्यावर जावक क्रमांक (पत्र बाहेर गेल्याची नोंद) आहे ना ते पाहा. ज्या कार्यालयात द्याल तिथला आवक क्रमांक (पत्र मिळाल्याची नोंद) आणि शिक्का आपल्या प्रतीवर घ्या. पुढच्या वेळी "बघतो" असं उत्तर मिळालं, तर हे दोन आकडे दाखवता येतात.

दाखल्यांसारख्या अधिसूचित सेवांसाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली असते. ती उलटली किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत प्रथम अपील करा, तिथे न्याय मिळाला नाही तर दुसरं अपील. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपिलाचा अर्ज लिहायला जमत नसेल, तर आमदारांच्या कार्यालयात जाऊन तेवढी मदत हक्कानं मागा.