बेसिनची वेस्ट कपलिंग: आधी ओव्हरफ्लोचं भोक बघा

कपलिंग, म्हणजे बेसिनच्या तळाला बसणारा पाणी निघायचा भाग, घ्यायला जाण्याआधी बेसिनच्या आतल्या बाजूला, वर, ओव्हरफ्लोचं (जादा पाणी निघून जायचं) भोक आहे का ते बघा. असेल तर हाफ थ्रेड, म्हणजे अंगाला खाचा असलेली 32 मिमीची कपलिंग घ्या. बिनखाचांची लावली तर ओव्हरफ्लोचं पाणी बेसिनच्या भिंतीतल्या पोकळीतच साचून वास मारतं. भोक नसेल तर फुल थ्रेडच, म्हणजे बिनखाचांची. खाचांची लावल्यास पाणी खाचांतून बाहेर येऊन आट्यांवरून खाली ठिबकतं. आणि अशा बेसिनला कायम उघडी जाळीच बरी, कारण पॉप-अप (दाबून उघड-बंद होणारं झाकण) बंद राहिला तर पाणी थेट फरशीवर. इंदुरात बोरिंगच्या जड पाण्याने पॉप-अपवर क्षारही लवकर धरतात. खालचा रबर वॉशर नवाच घ्या. नट हाताने आवळून वर फक्त पाव फेरा द्या. जास्त पिळला की सिरॅमिकला तडा जातो.