ऑफिसच्या नेटवर्कमध्ये सर्व्हर दिसत नसेल तर काय तपासावे

‘सर्व्हर दिसत नाही’ अशी तक्रार आली की केबल काढघाल करण्याआधी एका गोष्टीचा निकाल लावावा: सर्व्हरपर्यंत पोहोचताच येत नाही, की पोहोचता येते पण फाइल एक्स्प्लोररच्या ‘नेटवर्क’ यादीत त्याचे नाव तेवढे येत नाही? त्यासाठी ॲड्रेस बारमध्ये \\१९२.१६८.१.१० अशा पद्धतीने सर्व्हरचा आयपी पत्ता टाइप करावा. शेअर केलेले फोल्डर उघडले किंवा पासवर्ड विचारला गेला, तर केबल, स्विच आणि शेअरिंग यांपैकी कशालाही दोष देण्याचे कारण उरत नाही. मग पत्त्याऐवजी सर्व्हरचे नाव टाकून पाहावे. पत्त्याने उघडतो आणि नावाने उघडत नाही, असे झाल्यास नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसकडे वळावे. सर्व्हरचा पत्ता बदलूनही डीएनएसमध्ये किंवा एखाद्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये (नावे आणि पत्ते लिहून ठेवलेल्या त्या संगणकाच्या स्वतःच्या यादीत) जुनीच नोंद राहिलेली असते, हे वारंवार आढळते.

पत्त्यानेही उघडत नसेल, तर किती जणांना उघडत नाही हे विचारावे. एकट्याचीच अडचण असेल तर त्याच्या संगणकात शोधावे, एका विभागाची असेल तर त्या विभागाचा स्विच किंवा व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेला नेटवर्कचा वेगळा भाग) पाहावे, आणि सगळ्यांचीच असेल तर सरळ सर्व्हरपाशी जावे. वाय-फायवर असलेला माणूस पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कला जोडलेला नाही ना, हे विचारायला लाजू नये.

सर्व्हरपाशी गेल्यावर नेटवर्क पोर्टचा दिवा लागला आहे का ते पाहावे आणि ‘आयपीकॉन्फिग’ आज्ञा चालवावी. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर सर्व्हरला डीएचसीपीकडून, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, पत्ता मिळालेला नाही आणि त्याने स्वतःच एक घेतला आहे. फाइल सर्व्हरचा पत्ता असा नशिबावर सोडू नये. तो कायमचा ठरवून द्यावा किंवा डीएचसीपीमध्ये राखून ठेवावा. पत्ता बरोबर दिसला तरी सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा) इतर संगणकांशी जुळतो का हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता दुसऱ्या संगणकावरून सर्व्हरला पिंग करावे, म्हणजे उत्तर मागणारा छोटा संदेश पाठवावा, मात्र उत्तर आले नाही म्हणून सर्व्हर बंद आहे असे मानू नये, कारण पुष्कळ ठिकाणी फायरवॉल (नको ती ये-जा अडवणारी व्यवस्था) पिंगला उत्तरच देऊ देत नाही. सर्व्हर त्याच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या त्याच भागात) असेल तर अयशस्वी पिंगनंतर लगेच ‘एआरपी -ए’ आज्ञेने एआरपीची, म्हणजे आयपी पत्ते आणि मॅक पत्ते यांच्या जोड्यांची, यादी पाहावी: तेथे त्या पत्त्यासमोर मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) आला असेल, तर पलीकडे कोणीतरी जागे आहे आणि अडथळा बहुधा फायरवॉलचा आहे. तो मॅक पत्ता सर्व्हरच्या कार्डाशी ताडून पाहावा. जुळला नाही तर तोच आयपी पत्ता दुसऱ्या एखाद्या उपकरणाने, बरेचदा प्रिंटरने, घेतलेला असतो, आणि कधी दिसणारा व कधी गायब होणारा सर्व्हर अनेकदा याच कारणाने छळतो.

फाइल शेअरिंगसाठी टीसीपीचा ४४५ क्रमांकाचा पोर्ट (केबलचे भोक नव्हे, तर विशिष्ट कामासाठीची क्रमांक दिलेली वाट) खुला असावा लागतो. पॉवरशेलमधील ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ने तो तपासता येतो. तो बंद आढळल्यास सर्व्हरवरील नेटवर्क प्रोफाइल, म्हणजे विंडोजने त्या नेटवर्कला दिलेला ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ असा प्रकार, पाहावे. रिस्टार्टनंतर विंडोज कधी कधी ओळखीचे नेटवर्क ‘पब्लिक’ ठरवते आणि त्या प्रोफाइलचे कडक नियम लागू होतात. अशा वेळी संपूर्ण फायरवॉल बंद करण्याचा मोह होतो, पण प्रोफाइल दुरुस्त करणे हाच खरा उपाय आहे.

राहिला प्रश्न यादीत नाव न येण्याचा. जुनी यादी एसएमबीच्या, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंग पद्धतीच्या, पहिल्या आवृत्तीवर अवलंबून होती. २०१७ मधील विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून एसएमबीची ही आवृत्ती नव्या स्थापनेत सहसा चालू नसते, आणि केवळ यादीसाठी ती असुरक्षित आवृत्ती परत बसवू नये. आता हे काम डब्ल्यूएस-डिस्कव्हरीकडे, म्हणजे संगणकाने आपली उपस्थिती नेटवर्कवर घोषित करण्याच्या पद्धतीकडे, आहे. त्यासाठी सर्व्हरवर ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा चालू असावी आणि यूडीपीचा ३७०२ पोर्ट खुला असावा. विंडोज सर्व्हरवर नेटवर्क डिस्कव्हरी सुरू करून सेव्ह केले तरी ते पान पुन्हा उघडल्यावर पर्याय बंदच दिसत असेल, तर ही सेवा आणि तिच्या जोडीला ‘एसएसडीपी डिस्कव्हरी’, ‘यूपीएनपी डिव्हाइस होस्ट’ व ‘डीएनएस क्लायंट’ चालू आहेत का ते पाहावे. लिनक्सवरील साम्बा (विंडोजशी फाइल शेअर करणारा प्रोग्राम) स्वतःहून ही घोषणा करत नाही. तेथे ‘डब्ल्यूएसडीडी’ हा छोटा प्रोग्राम वेगळा बसवावा लागतो. शिवाय ही घोषणा साधारणतः राउटर ओलांडत नाही, त्यामुळे दुसऱ्या सबनेटमधील सर्व्हर यादीत येण्याची वाट पाहण्यापेक्षा त्याचे फोल्डर प्रत्येकाच्या संगणकावर नेटवर्क ड्राइव्ह म्हणून मॅप करून द्यावे.