किंग लिअरचा शेवटचा प्रवेश: एमएला नव्याने आलेल्यांसाठी थोडं अनुभवाचं

एमए इंग्लिशला ॲडमिशन घेतलेली किंवा नेट-सेटच्या तयारीला लागलेली मुलं हमखास विचारतात की शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’च्या शेवटावर कुणाच्या नोट्स चांगल्या आहेत. नोट्स भरपूर मिळतात हो, हमार्शिया (नायकाची घातक चूक), कॅथार्सिस (भावनांचा निचरा), दैवाचा खेळ, सगळं असतं त्यात, पण लिअरच्या जागी ऑथेल्लो लिहिलं तरी चालून जाईल इतकं ते मोघम असतं. मी मराठी माध्यमातून आलेली, कॉलेजात एकांकिका करायचे, त्यामुळे मला हा प्रवेश कळला तो नाटकवाल्यांच्या डोक्याने वाचल्यावर, म्हणजे कोण कुठून येतंय, कोण कुणाला थांबवतंय, प्रेक्षकाला काय माहितीय आणि स्टेजवरच्यांना काय नाही. तेच सांगते.

पाचवा अंक, तिसरा प्रवेश. लढाई हरलेले राजा लिअर आणि त्याची धाकटी मुलगी कॉर्डेलिया कैदी म्हणून येतात, म्हातारा म्हणतोय चल तुरुंगात जाऊ, पिंजऱ्यातल्या पाखरांसारखं दोघंच गात बसू, आणि ते आत गेले की लगेच एडमंड, ग्लॉस्टर सरदाराचा अनौरस मुलगा, एका कॅप्टनच्या हातात त्यांना मारायच्या हुकुमाची चिठ्ठी ठेवतो. इथे पेन्सिलने जाड खूण करा. इथून पुढे पानापानावर एकच प्रश्न विचारायचा, कॉर्डेलिया आत्ता कुठेय?

आता पुढे काय होतं बघा. गॉनरिलचा नवरा अल्बनी येतो, कैदी मागतो, एडमंड टाळाटाळ करतो. लिअरच्या थोरल्या दोघी मुली, गॉनरिल आणि रेगन, एडमंडवरून भांडतात, रेगनला विष चढायला लागतं, तुतारी वाजते, ओळख लपवलेला एडगर, एडमंडचा सावत्र भाऊ, येतो, दोघा भावांचं द्वंद्व होतं, एडमंड पडतो, मग गॉनरिलचं पत्र बाहेर निघतं, मग एडगर बापाची, ग्लॉस्टरची, अख्खी कहाणी सांगत बसतो. आणि मरायला टेकलेला एडमंड त्याला काय म्हणतो, तर तुझं बोलणं मला लागलंय, यातून कदाचित काही चांगलं होईल, पण तू बोल, अजून काहीतरी सांगायचंय तुला असं दिसतंय. अरे बाबा, तूच दिलेला हुकूम तिकडे चाललाय! हे वाक्य बहुतेक जण वाचून पुढे जातात, मला विचाराल तर सगळ्या प्रवेशातलं सगळ्यात क्रूर वाक्य हेच.

मग रक्ताळलेला सुरा घेऊन एक माणूस धावत येतो, ती मेली म्हणतो, आणि क्षणभर आपल्या पोटात गोळा येतो की झालं, संपलं. पण ती निघते गॉनरिल. म्हणजे आपण चक्क सुटकेचा श्वास टाकतो, आणि नाटककाराला तोच हवाय. पुढे लिअरचा एकनिष्ठ सरदार केंट येऊन राजा कुठाय विचारतो तेव्हा कुठे अल्बनीला आठवतं की अरे, केवढी मोठी गोष्ट आपण विसरलो. राज्य सांभाळायला निघालेला माणूस हा, आणि विसरला! तरी अजून दोन्ही बहिणींची प्रेतं आणली जातात, त्यांच्याकडे बघत एडमंड म्हणतो की एडमंडवर कुणीतरी प्रेम करत होतं तर, आणि त्यानंतर तो सांगतो, पळा, किल्ल्यावर माणूस पाठवा. अल्बनी म्हणतो देव तिचं रक्षण करोत, एडमंडला उचलून नेतात, आणि लगेच पुढची एंट्री लिअरची, कॉर्डेलिया हातांवर.

देवाचं नाव आणि त्याच्या पाठोपाठ प्रेत, मध्ये एक श्वाससुद्धा नाही. दैवाची क्रूरता वगैरे लिहायचं असेल तर या दोन ओळी पुराव्याला द्या, दुसरं काही लागत नाही.

बारीक गोष्ट, जुन्या छापील प्रतींत रंगसूचना फक्त एवढीच आहे की लिअर कॉर्डेलियाला हातांवर घेऊन येतो. ती मेलेली आहे असं तिथे लिहिलेलं नाही, ते नंतरच्या संपादकांनी घातलंय. म्हणजे पहिल्या प्रेक्षकाला काही सेकंद तरी नक्की माहीत नसणार. त्या प्रेक्षकांना लिअरची गोष्ट वेगळीच ठाऊक होती हेही लक्षात ठेवा. १६०५ साली छापलेल्या एका निनावी जुन्या नाटकात राजाला गादी परत मिळते आणि मुलगी जिवंत राहते, होलिन्शेडच्या बखरीतही राजा परत गादीवर बसतो, कॉर्डेलिया तुरुंगात जीव देते पण ते कितीतरी वर्षांनी, बाप गेल्यावर. २६ डिसेंबर १६०६ ला, ख्रिसमसच्या दुसऱ्याच दिवशी, पहिल्या जेम्स राजासमोर व्हाइटहॉलला हा प्रयोग झाला तेव्हा निदान काही लोक तरी गोड शेवटाची वाट बघत बसले असतील.

आता सगळ्यात कामाचा भाग, आणि इथे आळस करू नका. लिअरच्या दोन वेगळ्या प्रती आहेत, १६०८ ची क्वार्टो (या एकाच नाटकाचं छोटं पुस्तक) आणि १६२३ ची फोलिओ (शेक्सपिअरच्या नाटकांचा मोठा ग्रंथ), आणि शेवट दोन्हीत सारखा नाही. मुलगी आता परत येणार नाही म्हणताना क्वार्टोत लिअर तीनदा ‘नेव्हर’ (कधीच नाही) म्हणतो, फोलिओत पाचदा. ती पाचवाली ओळ मोठ्याने म्हणून बघा, शेक्सपिअरची नेहमीची चाल हलका-जड, हलका-जड अशी असते, इथे ती बरोब्बर उलटी, जड-हलका, आणि सबंध ओळीत दुसरा शब्दच नाही. लगेच पुढे तो कुणाला तरी म्हणतो, हे बटण जरा सोडा, थँक्यू सर. तुफानात कपडे फाडायला निघालेला राजा, आता एका बटणासाठी विनंती करतो आणि आभार मानतो. पहिल्या अंकातला लिअर कुणाला थँक्यू म्हणालाय का ते शोधा, उत्तराला चांगला मुद्दा मिळेल.

बटणानंतर वाटा फुटतात. क्वार्टोत तो नुसता कण्हतो, आणि ‘फुट रे हृदया, फुट’ ही ओळ स्वतः लिअरची आहे, म्हणजे त्याला कळलंय आणि तो मरण मागतोय. फोलिओत तीच ओळ केंटला दिलीय, आणि लिअरच्या तोंडी आलंय, बघा, तिच्याकडे बघा, तिचे ओठ, ते बघा, ते बघा, आणि संपला. काय दिसलं त्याला? टीकाकार ब्रॅडलीने १९०४ च्या पुस्तकात म्हटलं की ती जिवंत आहे असं वाटून आनंदाने त्याचं काळीज फुटलं. परीक्षेत हे मत लिहायलाच लागतं. मला स्वतःला ते थोडं सोयीचं वाटतं, कारण स्टेजवर उभा असलेला एकही माणूस त्याने काय पाहिलं ते सांगत नाही, आणि केंट, जो त्याला सगळ्यात जास्त ओळखतो, तो फक्त म्हणतो की जाऊ द्या त्याला, या जगाच्या चरकात अजून ताणू नका. मी केंटच्या बाजूने. तुम्ही ब्रॅडलीच्या बाजूने लिहिलंत तरी हरकत नाही, फक्त कुठल्या प्रतीबद्दल बोलताय ते सांगा, कारण क्वार्टोवर ते मत उभंच राहत नाही.

एडिशन घेताना आर्डेन तिसरी सिरीज, फोक्सने संपादित केलेली, १९९७ ची, कारण त्यात कुठली ओळ कुठल्या प्रतीतली ते बारीक क्यू आणि एफ अक्षरांनी दाखवलंय. ऑक्सफर्डने १९८६ च्या समग्र शेक्सपिअरमध्ये दोन्ही नाटकं सरळ वेगवेगळी छापली, ती लायब्ररीत असेल तर शेवटची पानं शेजारी ठेवून वाचा.

नाटककार नेहम टेटचं प्रकरण दोन ओळींत उरकलं तरी चालतं: १६८१ मध्ये त्याने शेवट गोड केला, कॉर्डेलियाचं एडगरशी लग्न लावलं, विदूषक उडवला, आणि पुढे जवळजवळ दीडशे वर्षं इंग्लंडात लोक तेच बघत होते. कीन नावाच्या नटाने १८२३ ला दुःखद शेवट परत आणला, मॅक्रेडी या नटाने १८३८ ला विदूषकासकट मूळ नाटक. हसू नका, टीकाकार डॉ. जॉन्सनसारख्या माणसाने लिहून ठेवलंय की कॉर्डेलियाच्या मरणाचा त्याला इतका धक्का बसला होता की संपादन करायची वेळ येईपर्यंत त्याने शेवटचे प्रवेश पुन्हा वाचायचं धाडस केलं नव्हतं.

इंग्रजी जड जात असेल तर विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ हा मराठी अनुवाद, १९७४ चा, शेजारी ठेवा, लाज वाटायचं कारण नाही, मी तसंच केलंय. ‘नटसम्राट’शी तुलना मात्र जपून करा, आपल्याकडे प्रत्येक जण ती करतो आणि बहुतेक वेळा ती ‘मुलांनी घराबाहेर काढलं’ इथेच थांबते. शेवट बघाल तर बेलवलकर स्वतःच्या भूमिका आठवत जातो, लिअरला मात्र शेवटी स्वतःबद्दल काही बोलायचंच नसतं, त्याची नजर फक्त तिच्या तोंडावर. तुलना करायचीच तर इथे करा.

सिनेमे बघायचे तर पीटर ब्रूकचा १९७१ चा आणि कोझिंत्सेव्हचा रशियन, दोन्ही काळेपांढरे. ऑलिव्हिएचा १९८३ चा टीव्हीवाला सोपा आहे, पहिल्यांदा तोच बघा.

आणि ग्रुप करून मोठ्याने वाचाच. लिअर सगळ्यांनाच हवा असतो, पण चांगला वाचणारा एडमंडला द्या, कारण लिअर परत येईपर्यंत प्रवेश त्याच्या जिवावर चालतो. शेवटचं भाषण क्वार्टोत अल्बनीचं आहे आणि फोलिओत एडगरचं, त्यावरून तुमच्यात भांडण होईल, होऊ द्या, व्हायव्हाला तोच प्रश्न येतो. अल्बनी वाचायला कुणी तयार होत नाही, जो होईल त्याला चहा पाजा.