अपडेट अर्धवट राहिलं, राउटर सुरूच होईना: माझा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला आमचा टॉवेलचा कारखाना. राउटरचं नवं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकताना लाइट गेली. नंतर राउटरचा नुसता पॉवरचा दिवा लुकलुके, सेटिंगचं पान उघडेना. रिसेट, दुसरी केबल, दुसरा ब्राउझर, डोकं उठलं.

चाललं ते टीएफटीपीने (केबलवरून फाईल पाठवायची साधी पद्धत). आधी खालच्या स्टिकरवरचं हार्डवेअर व्हर्जन पाहिलं (व्ही२ला व्ही३ची फाईल चालत नाही). त्याचीच फर्मवेअरची फाईल लॅपटॉपवर उतरवून बूटलोडर (राउटर चालू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) मागतो ते नाव दिलं. लॅपटॉपचं वायफाय, फायरवॉल बंद, लॅपटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १९२.१६८.०.६६, सबनेट २५५.२५५.२५५.०. आमच्या मॉडेलला हाच आयपी लागतो, तुमचा तपासा. खरी गोम पुढे: केबल थेट जोडली तर राउटर बंद होताच लॅपटॉपचं नेटवर्क कनेक्शनही तुटतं, म्हणून दोघांच्या मधे साधा नेटवर्क स्विच (केबल जोडायचा डबा) ठेवला. लॅपटॉपवर टीएफटीपी सर्व्हर (फाईल देणारा प्रोग्रॅम) लावला, रिसेट दाबून धरूनच राउटर चालू केला. फाईल सरकायला लागल्यावर बटण सोडलं. राउटर आपोआप रीस्टार्ट होईपर्यंत प्लगला हात लावला नाही. आता अपडेट यूपीएसवरच.